शिडी म्हणजे हो की नाही

३ फेब्रुवारी

वहिनी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून आधी फेकून द्यावंसं वाटेल. फेकू नका. पूर्वी मी तुम्हाला अगं-तुगं करायचे, पण तुम्ही दादाला सोडून गेल्यापासून आपलं बोलणंच नाही, त्यामुळे आता ते तोंडातून निघत नाही. म्हणून तुम्ही. फोन केला असता, पण फोनवर मी चिडते आणि मुद्दा बाजूला राहतो. शिवाय या आठवड्यापासून आमच्या घरात फोनवर मोकळं बोलायची सोय राहणार नाही. का ते सांगते.

बाबा बरे आहेत. म्हणजे आहेत. गेल्या वर्षी त्यांना झटका आला हे तुमच्या कानावर गेलं असेल. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरलाय, शिडी. जन्मभर शिडीवर उभं राहून दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण बाकी सगळे शब्द जाऊन हाच का राहिला ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पाणी हवं, शिडी. पंखा बंद कर, शिडी. मी रागावले की तेही उलटून शिडी-शिडी करतात. समजतं मात्र सगळं. बातम्या ऐकतात, दिवसा जवळ बसणाऱ्या शेजारच्या मावशींच्या थट्टेला हसतात. म्हणजे हसायचे. हल्ली तेही नाही.

आणि आता दादाचा फोन आला. थोडे दिवस येऊन राहतो म्हणतो.

"कशाला?" म्हटलं.

"बाबांजवळ बसावंसं वाटतंय."

तुम्हीच सांगा, त्याला आजवर कुणाजवळ बसावंसं वाटलंय? आधी नाटकाचे दौरे, मग सिनेमे, मग परदेशातले महोत्सव. आई गेल्यापासून या घरात तो मुक्कामाला राहिलेला नाही. बाबांना झटका आला तेव्हा हॉस्पिटलमध्ये येऊन गेला, डॉक्टरांशी कमी बोलला आणि नर्सेसबरोबर फोटो जास्त काढले. आणि आता एकदम बसावंसं वाटतंय. कुठेतरी पाणी मुरतंय, वहिनी.

तुम्हाला त्याचं ते पहिलं गाजलेलं नाटक आठवतं का, विनोदी? तुमचं लग्न व्हायच्या आधीचं, पण तुम्ही नंतर बघितलं असेल. त्यात त्यानं पेंटर केला होता. कानावर पेन्सिल खोचायची आणि घरभर तीच शोधत प्रत्येकावर डाफरायचं. लोक हसून खुर्चीतून पडायचे. बाबा मध्यंतरात उठून घरी आले. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं त्यांना विचारायला लागली, "काय पेंटर, सापडली का पेन्सिल?" बाबांनी कानावर पेन्सिल ठेवायचं सोडलं आणि दादाशी बोलायचंही. आई आजारी पडली तेव्हा कुठे दोघं पुन्हा बोलले. मग आई गेली. शेवटी शेवटी तिची बोटं चादरीची कड चिमटीत धरून सोडत होती, धरून सोडत होती. ते दादानं त्या मरणाऱ्या प्राध्यापकाच्या भूमिकेत घातलं. प्रेक्षागृहात हुंदके ऐकू यायचे. त्या नाटकाचे प्रयोग काही वर्षं चालले. रविवारी दोन प्रयोग असले की आमची आई दोनदा मरायची.

तुमचं मी लिहीत नाही. बाळ गेल्यावर ती छोटी चादर तुम्ही घडी घातलीत, उलगडलीत, पुन्हा घातलीत, तेव्हा त्या खोलीत आपण तिघंच होतो. पुढच्या वर्षी ते सगळ्या जगानं पडद्यावर बघितलं. त्याचा सर्वांत मोठा पुरस्कार त्याच प्रसंगाचा. तुम्ही का गेलात हे लोक मला विचारतात तेव्हा मी म्हणते, मला काय माहीत.

माझं मात्र काही घेतलं नाही त्यानं. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहणारी बाई कुणाला बघायचीय?

एकच विचारायला लिहिलं. तो घ्यायला लागतो तेव्हा कसा दिसतो, हे जगात तुमच्याइतकं कुणाला माहीत नसेल. तेवढं कळवा. मग पुन्हा त्रास देणार नाही.

तुमची नणंद (होते कधीतरी)

---

१६ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं उत्तर आलं. एवढंसंच: "खोटं बोलतो तेव्हा फार सुंदर बोलतो. घ्यायला लागला की गप्प होतो." मी ते वाचलं आणि पाकीट दुकानातल्या खणात टाकून कुलूप लावलं.

तो आलाय. दोन मोठ्या बॅगा आणि स्वतःची उशी. जिना चढताना वरच्या मजल्यापर्यंत सगळी दारं उघडली. पोरंबाळं, म्हातारे, सगळ्यांना त्यानं हात केला, एकाला स्वतःच्या सिनेमातलं वाक्य म्हणून दाखवलं. घरात आला, बाबांच्या पायांशी बसला आणि बोलला. काय बोलला, वहिनी! आपण किती धावत राहतो, आणि शेवटी एका खोलीत, एका माणसाजवळ बसणं एवढंच कसं खरं असतं, वगैरे. मावशींनी डोळे पुसले. मी मनात म्हटलं, सुंदर बोलतोय.

दुसऱ्या दिवसापासून गप्प.

मावशींना त्यानं सुट्टी दिली. "तुम्ही आराम करा, मी आहे ना." मावशी खूश, त्याच्यासोबतचा फोटो जिन्यातल्या सगळ्यांना दाखवत फिरतायत. मला हे मुळीच आवडलं नाही. साक्षीदार आधी घालवून दिला असं वाटलं. मी सकाळी दुकानात जाते ती संध्याकाळी येते. दिवसभर आत काय चालतं कोण जाणे. विचारलं तर म्हणतो, "काही नाही, बसलो होतो." ताकास तूर लागू देत नाही.

त्याचं बघणं मात्र मला दिसतं. बाबा डाव्या हातानं कप उचलतात, तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून थोडं सांडतं, मग जीभ फिरवून ते पुसायचा प्रयत्न करतात. मी रुमाल घेऊन पुढे होते. तो होत नाही. चहा पितानाही चोरासारखा कपाच्या काठावरून बघत असतो.

आणि आजच एक कळलं. खोकल्याचं औषध न्यायला एक बाई येतात, गप्पिष्ट आहेत. म्हणाल्या, "तुमच्या भावाचा नवीन सिनेमा येतोय ना? पेपरात आलंय. म्हाताऱ्या शिक्षकाची वाचा जाते असा काहीतरी."

मी त्यांना चुकून दुसऱ्याच बाटलीची किंमत लावली. त्यांनीच सांगितलं, बाई, हे पोटाचं आहे.

त्याला अजून काही बोललेले नाही. तो मला लहानपणापासून इन्स्पेक्टर म्हणतो ना? मग तपास पुरा करूनच बोलेन.

---

२७ फेब्रुवारी

वहिनी,

आज तुमच्यावरही रागावून लिहितेय, त्यामुळे तुम्ही-बिम्ही जमणार नाही. तू सरळ सांग, तू त्याच्याशी बोलतेस का?

आधी काय झालं ते ऐक.

परवा दुकानात माल आला नाही म्हणून मी दुपारीच घरी आले. दार नुसतं लोटलेलं. आत बाबांच्या पुढ्यात टेबल ओढलेलं, त्यावर पुठ्ठा, काळ्या रंगाचा डबा, आणि बाबांच्या डाव्या हातात त्यांचा जुना चपटा ब्रश. तो ब्रश मी आजारपणानंतर माळ्यावर टाकला होता. दादानं शोधून काढला. पुठ्ठ्यावर एक रेघ खाली घसरत गेलेली, तिच्या शेजारी दुसरी, तीही घसरलेली. आणि बाबा रडत होते. आवाज न करता, तोंड वाकडं होऊन. ज्या माणसानं अर्ध्या बाजारपेठेच्या पाट्या फूटपट्टी न लावता रंगवल्या, त्याला एक उभी रेघ ओढता येत नव्हती.

दादा भिंतीला टेकून उभा होता. गप्प. जागचा हलला नव्हता.

मी ब्रश काढून घेतला, बाबांचं तोंड पुसलं, पुठ्ठा फाडला. "त्यांनी मागितला होता," तो म्हणाला. कसा मागितला? शिडी म्हणून? मी रंगाचा डबा बाहेर नेऊन टाकला. हात दुसऱ्या दिवशीही काळेच होते, गिऱ्हाइकांना पैसे सुटे देताना लाज वाटली.

आणि काल चहाला बसल्यावर तो हसून मला म्हणाला, "काय गं, मी चहा पितानाही चोर दिसतो का?"

हे वाक्य मी फक्त तुला लिहिलं होतं. घरात उच्चारलेलं नाही, दुकानात नाही, मनात म्हटलं असेल तेवढंच. माझ्या मनातली पाल तेव्हापासून चुकचुकतेय. तुम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नाही असं जगाला वाटतं. मलाही वाटत होतं. मग माझं पत्र त्याच्या तोंडात कसं गेलं? की तुम्ही दोघं मिळून मला वेडी ठरवताय? त्याचं तरी ठीक, त्याचा धंदाच तो. तुझ्याकडून मी ही अपेक्षा केली नव्हती.

उत्तर दे. नाही दिलंस तर मी काय समजायचं ते समजेन.

---

१० मार्च

तुझं उत्तर नाही. तरी लिहितेय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगणार?

दादाला मी घराबाहेर काढलं.

परवा मुद्दाम दुपारी आले. या वेळी आतून कडी होती. मी बेल वाजवायला हात उचलला आणि आतून बाबांचा आवाज आला, "शिडी." जरा थांबून पुन्हा, "शिडी." तोच आवाज, तसाच घशात अडकून आलेला, शेवटची 'डी' हवेत सुटलेली. मग पुन्हा एकदा, आणि या वेळी मला जाणवलं की हा आवाज खोलीच्या दुसऱ्या बाजूनं आला. दोन बाबा आत बोलत होते. वर्षभर मी हा शब्द उठताबसता ऐकतेय, वहिनी, आणि दारात उभी राहून मला माझा बाप कुठला ते ओळखता येईना. मी बेल सोडून हातानंच दार बडवलं.

दादानं उघडलं. तोंड अजून वाकडंच होतं, ते माझ्यासमोर हळूहळू सरळ झालं.

"तू बाबांना घेतोयस," मी म्हटलं.

"हो."

नाही म्हणेल अशी माझी तयारी होती.

"त्या सिनेमासाठी."

"हो. पण या वेळी मी विचारलंय. बाबांच्या समोर बसून विचारलं, तुमचं हे सगळं मी पडद्यावर केलं तर चालेल का."

"मग?"

"म्हणाले, शिडी."

"शिडी म्हणजे हो, हे कुणी ठरवलं?"

त्यानं बाबांकडे बघितलं.

"इंजेक्शन टोचताना ते शिडीच म्हणतात. मावशींनी पाय चेपले तरी शिडीच म्हणतात. विचारलंस तू, ऐकलंस तू, अर्थ लावलास तू! आई तर बोलत होती शेवटपर्यंत, तिला विचारलंस? वहिनीला विचारलंस? आता ज्याला नाही म्हणता येत नाही असा माणूस सापडला, तर विचारायला आलास!"

"इन्स्पेक्टर, तुला त्यांचं कळतं की नाही?"

"मला कळतं."

"मग मला का कळू नये?"

"कारण तुला हवं ते ऐकू येतं!"

बाबा मध्येच मोठ्यानं काहीतरी म्हणाले. काहीतरी म्हणजे शिडी. दोनतीनदा म्हणाले. आमचं भांडण चाललं होतं, कुणाचं लक्ष होतं?

मी त्याच्या बॅगा भरल्या. उशीसुद्धा. तो जिना उतरला, आणि या वेळी कुणाच्या दाराकडे बघून हात केला नाही.

मी बरोबर केलं. तुला काय वाटतं ते तू कळवणार नाहीसच.

---

२३ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. मी पुन्हा तुम्ही म्हणतेय, कारण मागच्या दोन पत्रांतल्या भाषेची लाज वाटतेय.

म्हणजे तुम्ही त्याला फोन केलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझी दोन पत्रं वाचून. माझं ते चोराचं वाक्य त्याला ऐकवलंत, शिव्या घातल्यात, आणि म्हणालात, "निदान या वेळी विचारून घे." आणि फोन ठेवलात. मी दारात उभी राहून ज्या विचारण्याची टर उडवली, ते विचारणं तुम्ही करायला लावलं होतं. मला आधी कळवलं असतंत तर? पण मीच लिहिलं होतं, पुन्हा त्रास देणार नाही म्हणून. असो.

इकडचं ऐका. दादा गेला त्या संध्याकाळपासून बाबांनी माझ्याशी असहकार पुकारला. सूपचा चमचा ओठांशी नेला की तोंड मिटून घेतात. भिंतीकडे तोंड करून बसतात. शिडीसुद्धा नाही. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले तब्येतीत नवीन काही नाही. मला आधी वाटलं, दादानंच पढवून ठेवलं असणार. नाटकी माणसाच्या सहवासात राहून बाबाही नाटक करायला लागले असतील. मग मावशींनी मला सांगितलं, तो गेल्या महिन्यात आला तेव्हापासून भिंतीपलीकडून त्यांना बाबांचं हसणं ऐकू यायचं. रोज. मला माहीतच नव्हतं. मी यायचे तेव्हा दोघंही गप्प बसलेले असायचे. मला घाबरून!

रविवारी मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "बाबा, मी हाकललं म्हणून रागावलात?"

त्यांनी मान वळवली. "शिडी."

माझा विश्वास बसेना, तेव्हा मी पडताळा घ्यायचं ठरवलं. दुकानात शंका आली की आम्ही दोन वेळा बघतो, तसं. ज्यांची उत्तरं मला माहीत आहेत असे प्रश्न विचारले. "तुम्हाला तीन मुली आहेत?" "आईला गाता यायचं?" "समोरच्या बेकरीची पाटी तुम्ही रंगवलीत?" "मी सुंदर आहे का?" (याला हसले.) आणि प्रत्येक वेळी शब्द तोच, पण वहिनी, मी वर्षभर नीट ऐकलंच नव्हतं. मी शब्द आला की पाण्याचा ग्लास पुढे करायचे. हो असलं की 'डी' वर जाते, जरा लांबते. नाही असलं की खाली, आखूड, दार लावल्यासारखी. इतकी साधी गोष्ट. दादाला ती एका आठवड्यात सापडली असणार.

मग खरा प्रश्न विचारला. "दादानं तुमचं सोंग केलेलं चालतं तुम्हाला?"

वर गेली. लांबली.

पण मी एवढ्यावर शांत होणारी नाही हे तुम्हाला माहीत आहे. म्हातारपणी मुलगा रोज समोर बसतो, हसवतो, यासाठी माणूस कशालाही हो म्हणेल. तो हो धरायचा का? ज्यानं पेन्सिलीसाठी इतकी वर्षं अबोला धरला, तो आता सगळंच देऊन टाकायला कसा तयार झाला? हे मला बाबांना विचारता येत नाही. त्याचं उत्तर एका शब्दात मावत नाही.

मी दादाला फोन केला. सेटवर बाबांना घेऊन येणार आणि समोर बसणार, असं सांगितलं. "ये," म्हणाला. बाबांनी डाव्या हातानं बुटांकडे बोट दाखवलं.

---

२९ एप्रिल

वहिनी,

शूटिंग बघून आले. डोळ्यात तेल घालून बघितलं.

मोठी शेड आहे, गोदामासारखी. तिच्या मध्यभागी एक खोली, तीन भिंतींची, वर छप्पर नाही. पलंग, कॅलेंडर, औषधांच्या बाटल्या. बाटल्यांवरची लेबलं मी तपासली, दोन चुकीच्या होत्या, सांगितलं. दिग्दर्शिका चष्मेवाली तरुण मुलगी, फार न बोलणारी. बाबांना लांब न्यायला घेतलेली चाकाची खुर्ची तिनं आपल्या शेजारी, कॅमेऱ्याच्या मागे लावून घेतली.

दादा आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही असं म्हणणार नाही. ओळखलं, म्हणूनच वाईट वाटलं. चालणं, खांदा, ओठ, सगळं बाबांचं. फक्त शब्द त्यानं बदलून घेतलाय. सिनेमातला म्हातारा "शिडी" म्हणत नाही, "दरवाजा" म्हणतो. शिडी बाबांची, म्हणाला. हे पण सुंदर बोलणंच, मी मनात नोंद केली.

पहिला प्रसंग सूप पाजण्याचा. दादानं चमचा तोंडात घेतला, थोडं सांडलं. "कट," दिग्दर्शिका म्हणाली, "छान." तेवढ्यात शेजारून "शिडी." खाली, आखूड. दादानं लगेच विचारलं, "काय चुकलं, बाबा?" बाबांनी आपला निकामी उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर पालथा ठेवला. दादाचा हात उताणा होता. त्यानं पालथा केला. पुन्हा घेतलं. बाबा नाही म्हणाले. या वेळी मान चुकली होती. पुन्हा घेतलं. शेवटी "शिडी" वर गेली तेव्हा लाइटवाली पोरं टाळ्या वाजवायला लागली. बाबांची छाती फुगली होती, वहिनी. नवशिक्या कारागिराला पाटी पुसून पुन्हा काढायला लावायचे तेव्हा त्यांचा चेहरा असाच असायचा.

मी म्हटलं, चला, चुकले असेन मी. आणि दुपारी सेटवर फळा आणला.

सिनेमातला म्हातारा शिक्षक आहे ना? तो डाव्या हातात खडू घेऊन फळ्यावर एक अक्षर काढायला जातो. ब्रशच्या जागी खडू, पुठ्ठ्याच्या जागी फळा, बाकी सगळं त्या दुपारचं. हे त्यानं बाबांना विचारलं नसणार. हे त्यानं भिंतीला टेकून उचललं होतं, तसंच, तुमच्या चादरीसारखं.

कॅमेरा सुरू झाला. दादानं खडू टेकवला, रेघ घसरली. दुसरी ओढली, तीही. मग त्याचा चेहरा फुटायला लागला, आवाज न करता, तोंड वाकडं होऊन. माझ्या शेजारची मेकअपवाली बाई डोळे टिपत होती. इतका चांगला अभिनय मी त्याचा कधी बघितला नाही. आणि इतका राग कधी आला नाही.

"शिडी," बाबा म्हणाले.

मोठ्यानं नाही. पण दादाचा हात फळ्यावर थांबला.

"आवाज कोण करतंय?" दिग्दर्शिका.

दादा सरळ उभा राहिला. वाकडं तोंड जागेवर आलं. "हा प्रसंग होणार नाही," म्हणाला.

"सर, अख्खा सिनेमा या प्रसंगावर उभा आहे. तुम्हीच सुचवलात."

"सुचवायला तो माझा नव्हता. बाबा नाही म्हणाले."

"ते सकाळपासून हा एकच शब्द म्हणतायत, सर. दमले असतील." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही यांची मुलगी ना? खरंच नाही म्हणाले का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादासुद्धा. वहिनी, त्या क्षणी मला वाटलं, जर बाबांची 'डी' वर गेली असती तर मी खरं सांगितलं असतं का? माहीत नाही. पण ती खाली गेली होती, दार लावल्यासारखी.

"हो," मी म्हटलं. "नाही म्हणाले."

दादानं खडू फळ्याच्या कडेवर ठेवला, सेटवरून बाहेर आला, बाबांच्या खुर्चीशी बसला. "चुकलं," म्हणाला. एवढंच. सुंदर वगैरे काही बोलला नाही. बाबांनी डाव्या हातानं त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पुसला, म्हणजे पुसायचा प्रयत्न केला, जास्तच पसरला.

हे इथे संपवावंसं वाटतंय. पण तुमच्याशी खोटं नको. खडू ठेवण्यापासून चुकलं म्हणण्यापर्यंत कॅमेऱ्यावरचा तांबडा दिवा चालू होता, म्हणजे सगळं टिपलं गेलं. बंद करा असं कुणीच म्हटलं नव्हतं. परतताना गाडीत मी दादाला विचारलं.

"दिवा चालू होता. तुला माहीत होतं?"

"मला दिवा नेहमी माहीत असतो."

"ते वापरणार?"

"नाही."

"कशावरून?"

तो गप्प झाला. बाबा मागच्या सीटवर झोपले होते. मी घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

सिनेमा आला की मी बघायला जाणार. तुम्ही याल का बरोबर? ते दिसलं तर दोघी उठून बाहेर येऊ.

---

१८ नोव्हेंबर

वहिनी,

तुम्ही नाही आलात ते समजू शकते. त्याचा चेहरा इतका मोठा झालेला बघायची तुमची इच्छा नाही, असं लिहिलंत, त्यावर मी काय म्हणणार.

मी बाबांना घेऊन दुपारच्या खेळाला गेले. कडेची जागा घेतली, पटकन उठता यावं म्हणून. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी सिनेमा बघितलाच नाही खरं तर, वाट बघत होते. सूपचा प्रसंग आला, बाबा शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्यानं "शिडी" म्हणाले, शेजारी दचकला. फळा कुठे दिसतोय का ते मी बघत होते. एकदा मागे भिंतीवर दिसला आणि माझी मूठ आवळली गेली. कुणी त्याच्याकडे गेलं नाही. मग म्हातारा खिडकीशी बसतो, मुलगी दिवा लावते, आणि संपलं. दिवे लागले तरी लोक बसून होते, आणखी काही आहे असं वाटून.

नव्हतं. फळा नाही, खडू नाही, चुकलं नाही. दिग्दर्शिकेशी तो महिनाभर भांडला म्हणे त्यासाठी. हे मला दादानं सांगितलं नाही, मेकअपवाली बाई गोळ्या घ्यायला दुकानात आली होती, तिनं सांगितलं. तिच्यावर मी विश्वास ठेवला. या वेळी त्याला पुरस्कार मिळायचा नाही, असंही ती म्हणाली.

दादा आता महिन्यातून दोनदा येतो. मावशींना सुट्टी देत नाही. मी अजून बेल न वाजवता दार उघडते, सवय जात नाही, आणि तो म्हणतो, "या इन्स्पेक्टर, पंचनामा करा." गेल्या खेपेला त्यानं तुमचं विचारलं. तुम्हाला फोन करू का, असं मला विचारत होता. मी म्हटलं, मला काय विचारतोस, तिला विचार. ती नाही म्हणाली तर नाही. म्हणून कळवून ठेवते. नाही म्हणायला अजिबात संकोच करू नकोस.

काल दुकानात गर्दी नव्हती तेव्हा पेपर उघडला. सिनेमाचं परीक्षण आलंय. कामाचं पानभर कौतुक केलंय आणि शेवटी लिहिलंय की सगळं उत्तम असूनही अखेरीला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

राहिलंय. ते आमच्या घरी राहिलंय.

तुझी नणंद